कचऱ्याचा हिशेब खरेदीच्या यादीतच मांडा : किंग काउंटीतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, भोजन समिती आणि पडद्यामागचे सगळे स्वयंसेवक,
किंग काउंटी (सिॲटल आणि आसपासच्या शहरांचा जिल्हा), वॉशिंग्टन राज्य, इथली लहानमोठी मराठी मंडळं

स.न.वि.वि.

एकच विनंती आहे, ती आधी सांगून टाकते. यंदाच्या गणपतीच्या आणि दिवाळीच्या जेवणाची ऑर्डर पक्की करायच्या आधी, केटररला विसार देण्याआधी, एक बैठक कचऱ्यावर घ्या. ताटं कोणती, वाट्या कोणत्या, पेले-चमचे कोणते आणि जेवणं झाल्यावर हे सगळं कोणत्या डब्यातून कुठे जाणार, एवढाच विषय. आपल्याकडे हा विषय निघतो तो कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, व्हॉट्सॲपवर, ‘येताना कोणी काळ्या पिशव्या आणेल का’ या रूपात. तोवर जे ठरायचं ते ठरून गेलेलं असतं.

मी काउंटीच्या नोकरीत नाही. किंग काउंटी आपल्या रहिवाशांना शिकवून त्यांना स्वयंसेवक करते. ‘मास्टर रिसायक्लर कंपोस्टर’ असं भारदस्त नाव आहे त्याला, त्यातली मी एक. बाजारात, मेळाव्यात टेबल मांडून बसायचं आणि लोक जे विचारतील त्याची उत्तरं द्यायची. तिथे आपली माणसं येतात आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात. लोणच्याच्या बरणीचं तेल कितपत धुवायचं? कणकेचं विणलेलं पोतं कुठे टाकायचं? दह्याचा मोठा डबा आम्ही वर्षानुवर्षं वापरतो, मग तो कचरा कसा? (या शेवटच्या प्रश्नावर मी काय बोलणार? तसलाच डबा माझ्या फ्रीजमध्ये आहे आणि त्यात दही नाही.) पत्रकांवर पिझ्झाचा खोका असतो, मिठाईचा नसतो. म्हणून म्हटलं, आपल्या माणसांशी आपणच बोलावं.

आधी कचऱ्याचं हे खातं चालतं कसं ते थोडं पाहू, कारण ‘काउंटी रिसायकलिंग करते’ हा आपला समज अर्धाच खरा आहे.

घरासमोरचे डबे उचलणारी गाडी काउंटीची नसते. आपलं शहर एखाद्या कंपनीशी करार करतं, रिपब्लिक, रिकॉलॉजी, डब्ल्यूएम यांपैकी कुणाशी तरी, आणि कुठल्या डब्यात काय चालेल, बिल किती येईल, हे त्या करारात ठरतं. जे भाग कुठल्याच शहराच्या हद्दीत येत नाहीत तिथले दर राज्याच्या आयोगापुढे ठरतात. बाटल्या, डबे, कागद वेगळे काढणारे कारखाने खासगी आहेत. वुडिनव्हिलला डब्ल्यूएमचा, सिॲटलमध्ये रिपब्लिकचा. आपल्या खरकट्याचं खत करणारी सीडर ग्रोव्हही खासगी कंपनीच. मग काउंटीच्या घनकचरा विभागाकडे उरतं काय? शोअरलाइनपासून एनमक्लॉपर्यंत विखुरलेली ट्रान्सफर स्टेशनं, म्हणजे गाड्या कचरा आणून ओततात आणि जिथून तो पुढे जातो ती ठिकाणं, आणि मेपल व्हॅलीजवळचं सीडर हिल्सचं डंपिंग ग्राउंड. म्हणजे काउंटीच्या मालकीचा फक्त शेवट आहे. सुरुवात तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात होते आणि मधलं सगळं करारांवर चालतं. सिॲटल शहर तर या व्यवस्थेच्या बाहेरच आहे. त्यांचं खातं वेगळं आणि त्यांचा कचरा रेल्वेने ऑरेगनमधल्या आर्लिंग्टनजवळ जातो. बेलव्ह्यू, रेडमंड, सॅमामिश, इसाक्वा, बॉथेल, केंट धरून उरलेली जवळपास सगळी, म्हणजे 37 शहरं, काउंटीबरोबर आहेत.

आता खात्याच्या उत्पन्नाचं बघा. मुख्य कमाई टनामागे आकारल्या जाणाऱ्या शुल्कातून. कचऱ्याची गाडी काट्यावर चढली, वजन झालं, पैसे जमा. यातली गंमत तुमच्या खजिनदारांच्या लगेच लक्षात येईल : ‘कचरा कमी करा’ असं लोकांना सांगणाऱ्या खात्याचं उत्पन्न लोकांनी खरंच ऐकलं तर घटतं. 2007 मध्ये काउंटीकडे सुमारे 10 लाख टन कचरा आला होता. मग मंदी आली, खरेदी थंडावली, बांधकामं थांबली, आणि 2012 पर्यंत आकडा 8 लाखांच्या आसपास उतरला. पृथ्वीसाठी छान, खात्यासाठी पंचाईत. स्टेशनं तेवढीच उघडी ठेवावी लागतात आणि डंपिंग ग्राउंडची निगा टनांवर अवलंबून नसते. त्यामुळे दर वाढले की आपण चिडतो, पण त्या दरातूनच घातक कचऱ्याची सोय, शाळांमधले कार्यक्रम आणि माझ्यासारख्यांचं प्रशिक्षण निघतं. मला हा पाया कच्चा वाटतो. ज्या गोष्टीचा नायनाट करायचा तिच्यावरच घर चालवायचं, हे फार दिवस जमत नाही.

सीडर हिल्सची आणि देवनारची तुलना करू नका. इथे खाली अस्तर आहे, झिरपणारं घाण पाणी वेगळं गोळा होतं, आणि कुजणाऱ्या कचऱ्यातला वायू नळ्यांनी ओढून 2009 पासून शुद्ध करून इंधन म्हणून विकला जातो. व्यवस्था चांगली आहे. पण 1965 पासून चालू असलेली ती 920 एकर जागा आहे, तिच्यात दर वर्षी 8 लाख टनांहून अधिक भर पडते, आणि आणखी वाढवून वाढवून ती 2040 च्या आसपासपर्यंत पुरेल असं नियोजन आहे. काउंटीत चालू असलेली अशी ही शेवटची जागा. पुढे रेल्वेने कुठेतरी पाठवायचं की जाळून वीज करायची यावर चर्चा चालू आहेत, आणि दोन्ही महाग आहेत. ज्यांची मुलं आज मंडळाच्या मराठी शाळेत अ-आ-ई गिरवताहेत, त्यांच्या पहिल्या घराच्या बिलात ते पैसे येणार आहेत.

आणि त्या डोंगरात पुरलं काय जातं? काउंटी अधूनमधून कचऱ्याचे ढीग उपसून, वर्गवारी करून बघते. त्यातला 70 टक्क्यांच्या आसपास माल तिथे यायलाच नको होता : खत झालं असतं, रिसायकल झाला असता किंवा कुणीतरी वापरला असता. त्यात मोठा वाटा अन्नाचा. रिसायकलिंगचं प्रमाण गेली कित्येक वर्षं 50 ते 55 टक्क्यांपाशी अडकून बसलंय, उद्दिष्ट 70 टक्क्यांचं असताना. 1989 मध्ये या राज्याने कायदा करून निम्मा कचरा रिसायकल करायचं ठरवलं तेव्हा ते धाडस होतं. ती निम्म्याची पायरी आपण चढलो आणि तिथेच बसून राहिलो.

अडकलं कुठे, याचं उत्तर निदान थोडंसं चीनमध्ये आहे. वर्षानुवर्षं इथला मिश्र कागद आणि प्लास्टिक जहाजातून तिकडे जायचं. 2018 मध्ये चीनने दार लावलं. मालात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त घाण चालणार नाही म्हणाले, आणि अमेरिकेतले कारखाने त्या कसोटीला उतरेनात. तोपर्यंत ‘सगळं एकाच डब्यात टाका, पुढचं आम्ही बघू’ असंच लोकांना शिकवलेलं होतं. त्याच वर्षी काउंटीने शहरं आणि कंपन्या यांना एकत्र बसवून यावर विचार केला, आणि त्याचं आपल्याला दिसलेलं फळ म्हणजे 2020 च्या जानेवारीपासून प्लास्टिकच्या पिशव्या आणि गुंडाळायचं पातळ प्लास्टिक घरच्या डब्यात चालेनासं झालं. कारण सरळ आहे. कारखान्यात कागद वर ढकलायला फिरत्या चकत्यांच्या रांगा असतात, त्यांच्या दांड्यांना पिशव्या गुंडाळल्या जातात, यंत्र बंद करावं लागतं आणि माणसं सुऱ्या घेऊन आत शिरून त्या कापून काढतात. काळ्या पिशवीत बाटल्या भरून, गाठ मारून, ती पिशवी रिसायकलिंगच्या डब्यात टाकणारे आपल्यात काही कमी नाहीत. पिशवीत काय आहे हे कुणी उघडून बघत नाही हो. बहुतेक ती तशीच सीडर हिल्सला जाते, आतल्या स्वच्छ बाटल्यांसकट.

इथे आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट बोलायची आहे. जरा टोचेल.

‘भारतात आपण काही वाया घालवत नव्हतो’ हे वाक्य मी टेबलावर सतत ऐकते. रद्दी विकायचो, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवायचो, बोहारणीला कपडे द्यायचो. खरं आहे. पण जे आपण विकलं नाही, ते वेगळं कोण करत होतं? आपल्या दारातून गेलेल्या बादलीत हात घालून कुणीतरी बाई पुठ्ठा, पत्रा, काच, प्लास्टिक निवडत होती आणि भंगारवाल्याकडे किलोवर विकत होती. पुण्यात 1993 मध्ये या बायकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, जी आज पुण्याच्या घराघरातून कचरा घेते. त्यामुळे आपली बेफिकिरी तिथे खपून जायची. आपण कसंही टाकलं तरी आपल्यामागे एक तयार नजर होती, जिला भाताच्या शितांखालचा पुठ्ठाही दिसायचा.

इथे ती नजर नाही. इथे गाडीचा यांत्रिक हात डबा उचलतो, उलटा करतो आणि पुढे जातो. नंतर पट्ट्यावर चुंबक आहे, प्रकाशाने प्लास्टिक ओळखणारं यंत्र आहे, काही माणसंही आहेत, पण वस्तू त्यांच्यासमोरून पळत असतात. त्या यंत्राला काळ्या रंगाचे जेवणाचे डबे बहुतेक वेळा दिसतच नाहीत, कारण काळा रंग प्रकाश गिळतो. वरणाने भिजलेला कागद शेजारच्या कोरड्या कागदालाही घेऊन बुडतो. म्हणजे इथे निवडायचं काम एकदाच होऊ शकतं, आणि ते टाकणाऱ्यानेच करायचं असतं. माझं तर म्हणणं आहे की तेही उशिराच झालं. खरं निवडणं होतं ते खरेदीच्या वेळी.

आपल्या पंगतीचाच हिशेब करून बघा. 500 पानं. ताट, दोन वाट्या, पेला, चमचा. अडीच हजार वस्तू झाल्या, पाण्याच्या बाटल्या, नॅपकिन आणि मठ्ठ्याचे पेले सोडून. यातल्या तीन गोष्टी कंपोस्टच्या, एक रिसायकलिंगची आणि एक कचऱ्याची असेल तर हातात ताट घेऊन, कडेवर मूल घेऊन, समोरच्या काकूंशी बोलत असलेला माणूस तीन डब्यांसमोर काय करेल? जो डबा आधी दिसेल त्यात सगळं घालेल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. भिंतीवर कितीही मोठी पाटी लावा, मराठीत लावा, म्हणी घालून लावा, काही फरक पडत नाही. मी उभी राहून बघितलंय.

पण ताटापासून चमच्यापर्यंत सगळं एकाच डब्याचं असेल तर? मग त्या माणसाला विचारच करावा लागत नाही. अख्खं ताट उष्ट्यासकट कंपोस्टमध्ये. एवढीच युक्ती आहे सगळी, आणि ती खरेदीच्या यादीत होते.

आता कोणतं ताट, याबद्दल नीट लिहिते, कारण इथे फसवणूक भरपूर आहे. चकचकीत कागदी ताट कंपोस्टमध्ये चालत नाही. ती चकाकी प्लास्टिकच्या थराची असते. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’ या शब्दांना काही अर्थ नाही. ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द तर प्लास्टिकच्या मालावर छापायलाच या राज्याने कायद्याने मनाई केली आहे, तरी बाहेरून मागवलेल्या खोक्यावर तो दिसतो. शब्द हवा तो ‘कंपोस्टेबल’, त्यासोबत प्रमाणपत्राचा शिक्का, आणि त्यावरही थांबू नका. आपल्या भागाचं कंपोस्ट जिथे जातं त्या कंपनीला ते चालतं का, हे तिच्या यादीत बघून घ्या. कारण प्रयोगशाळेत जे विरतं ते प्रत्येक कारखान्याच्या ढिगात तेवढ्या दिवसांत विरेलच असं नाही, आणि न विरलेला चमचा चाळणीत अडकला की तो कचराच. सुपारीच्या विरीची ताटं मला सगळ्यांत बरी वाटायची, पण 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती जेवणासाठी योग्य नाहीत असं कळवलं, तेव्हा ती आता नकोत. केळीच्या पानाबद्दल तर प्रश्नच नाही, फक्त ते बुफेच्या रांगेत हातात धरता येत नाही. त्यासाठी पंगत बसवावी लागेल, वाढपी लागतील. ज्या मंडळात अजून आग्रहाने वाढणारी माणसं आहेत त्यांनी एखादा प्रयोग करून बघावाच.

स्टीलबद्दल. हळदीकुंकू, भोंडला, कोजागिरी, वाचनकट्टा असल्या शंभरच्या आतल्या कार्यक्रमांना टाकाऊ ताटं आणणं मला तरी शोभत नाही. ‘घरून आपापलं ताट-वाटी-पेला घेऊन या’ एवढी एक ओळ निमंत्रणात घाला. लोक आणतात. सुरुवातीला दोन-चार जण विसरतात म्हणून डझनभर जादा ठेवा. मंडळाने स्वतःच्या मालकीची ताटं घ्यावीत का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. ज्या हॉलला धुण्याचं मोठं यंत्र आहे तिथे घ्यावीत, नाहीतर रात्री अकरा वाजता ती घासत बसणार त्याच चार बायका, ज्यांनी सकाळपासून मोदक वळलेत. पर्यावरणाचं सगळं ओझं नेहमीच्या हातांवर टाकून जिंकलेली लढाई मला नको आहे. घासायची पाळी पुरुषांची असेल तर लगेच घ्या.

ताटं ठरली की पुढची पायरी बहुतेक मंडळं विसरतात. शाळेच्या किंवा कम्युनिटी सेंटरच्या मागे कंपोस्टचा डबा आहे का, आणि त्यात आपल्याला टाकायची परवानगी आहे का? नसेल तर शहराच्या कंपनीकडून त्या दिवसापुरता डबा मागवता येतो का, हे काही आठवडे आधी विचारावं लागतं. एका कार्यक्रमात मी बघितलं, सगळी ताटं उत्तम आणलेली, स्वयंसेवकांनी मन लावून वेगळी काढलेली, आणि शेवटी हॉलच्या मागे फक्त कचऱ्याचा एकच मोठा डबा. सगळं त्यात. महागड्या, खत होणाऱ्या ताटाचा डंपिंग ग्राउंडमध्ये काही फायदा नाही. उलट तिथे हवेविना कुजताना ते मिथेनच सोडतं.

डब्यांपाशी माणूस उभा करा. पहिला अर्धा तास आणि शेवटचा तास, दोन-दोन जण. हायस्कूलची मुलं यात पटाईत असतात, त्यांना सेवेचे तासही हवे असतात, आणि मोठ्या माणसांना ‘काका, ते नॅपकिन इकडे’ असं सांगायला त्यांना अजिबात संकोच वाटत नाही. बाटल्या आणि कॅन विकत असाल तर रिसायकलिंगचा डबा ठेवणं ही हौस नाही, सार्वजनिक कार्यक्रमांसाठी या राज्याचा तसा कायदाच आहे. त्यापेक्षा पाण्याचे पिंप ठेवा आणि बाटल्यांचा प्रश्नच मिटवा. थर्मोकोलचं बोलायला नको. फोमची ताटं-पेले 2024 च्या जूनपासून या राज्यात विकायलाच बंदी आहे. कुणाच्या गॅरेजमध्ये जुना साठा असेल तर तो ‘संपवून टाकू’ म्हणून बाहेर काढू नका.

केटररशी बोलताना त्याला हेही सांगा की त्याच्या स्वयंपाकघराला हे नवं नाही, किंवा नसायला हवं. 2022 च्या कायद्याने राज्याने 2030 पर्यंत पुरलं जाणारं अन्न आणि हिरवा कचरा 2015 च्या तुलनेत 75 टक्क्यांनी घटवायचं ठरवलंय, आणि 2024 पासून, जिथे तशी सोय आहे त्या भागात, जास्त ओला कचरा करणाऱ्या व्यवसायांना टप्प्याटप्प्याने त्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. आणि कृपया, चारशे लोकांसाठी पाचशेंचं जेवण सांगू नका. ‘कमी पडलं तर नाक कापलं जाईल’ ही भीती मला समजते, मी त्याच घरात वाढले. पण उरलेला मसालेभात रात्री वाटायला प्लास्टिकचे डबे, मग ते डबे धुवायचा कंटाळा, मग सोमवारी भातासकट डबाच कचऱ्यात. हे चक्र ज्याने त्याने आपल्या घरात आठवून बघावं.

गणपतीचं वेगळं थोडं. मूर्ती शाडूची घ्या आणि तिचं विसर्जन टपात करा. माती झाडांना जाते. प्लास्टर ऑफ पॅरिसची रंगवलेली मूर्ती तळ्यात सोडणं म्हणजे तिथल्या पाण्यात रंग आणि गाळ सोडणं. निर्माल्य कंपोस्टमध्ये चालतं, मात्र हारातला दोरा, जरीची फुलं, चमकीची पट्टी आधी काढा. हे काम कंटाळवाणं आहे. आरतीनंतर गप्पा मारत चार जण बसले तर होऊन जातं. दिवाळीतल्या त्या बॅटरीच्या पणत्या दिसतात गोड, पण त्यातली चपटी बटणासारखी बॅटरी कुठल्याही डब्यात टाकायची नसते. गाडीत किंवा कारखान्यात चेपली गेली तर आग लागते, आणि लहान मुलाने गिळली तर त्याहून वाईट. त्या साठवून घातक कचऱ्याच्या केंद्रावर न्यायच्या, बेलव्ह्यूमधल्या फॅक्टोरियाला आहे ते. मेणाच्या किंवा तेलाच्या खऱ्या पणत्या हॉलवाले लावू देत नाहीत हे मला माहीत आहे. मग मंडळाने बॅटऱ्या गोळा करायची एक बरणी ठेवावी.

कपडे गोळा करायच्या मोहिमांबद्दल एकच : फाटके, डागाळलेले, कुबट वास येणारे कपडे देऊ नका. पूर्वी काउंटी ‘फाटकंही द्या’ म्हणायची, 2023 मध्ये तो सल्ला बदलला, कारण त्या मालाला बाजारच उरला नव्हता. चांगली साडी द्या. विटलेलीची गोधडी करा, ते आपल्याला येतं.

काही मंडळं म्हणतील, हे सगळं महाग पडतं. पडतं. कंपोस्टेबल ताटाची किंमत पातळ कागदी ताटाच्या कितीतरी पट असते. पण ढोल-ताशा पथकाच्या सुपारीवर, रंगमंचाच्या प्रकाशयोजनेवर, पाहुण्या कलाकाराच्या विमानाच्या तिकिटावर आपण हात आखडत नाही. तिकिटाला डॉलरभर वाढवा आणि का वाढवलं ते तिकिटावर लिहा. मला नाही वाटत त्यामुळे एकही माणूस यायचा थांबेल. नाटक वाईट असेल तर थांबेल.

मंडळाच्या चार भिंतींबाहेरचंही एक काम आहे, आणि ते माझ्या मते ताटांइतकंच महत्त्वाचं. 2025 मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला की घरोघरच्या रिसायकलिंगचा खर्च पॅकेजिंग वापरणाऱ्या कंपन्यांनी उचलायचा. अंमल टप्प्याटप्प्याने. नियम आत्ता घडताहेत. कुठलं पॅकेजिंग राज्यभर सगळ्या डब्यांत चालेल याच्या याद्या बनताहेत. आपल्या किराणामालाची पाकिटं, डाळी-पोह्यांच्या जाड पिशव्या, मसाल्यांची चंदेरी आतली बाजू, कणकेची विणलेली पोती, यांचा विचार तिथे कोण मांडणार? अमेरिकेत न बसलेल्या ब्रँडची जबाबदारी आयातदारावर येण्याची शक्यता असते, म्हणजे आपल्या ओळखीच्या दुकानदारांपर्यंत हा विषय पोचणारच. काउंटीची एक घनकचरा सल्लागार समिती आहे. तिच्यात सामान्य रहिवाशांनाही जागा असते, नेमणूक काउंटीचे प्रमुख करतात आणि कौन्सिल त्यावर शिक्कामोर्तब करतं. तिच्या बैठका खुल्या असतात. आपल्यात पुरवठासाखळी, पॅकेजिंग, रसायनं, डेटा यांत आयुष्य घालवलेली माणसं इतकी आहेत की एका कोजागिरीला दहा सापडतील. त्यातल्या एकाने तरी अर्ज करावा. तसंच तुमच्या शहराचा कचऱ्याचा करार कधी संपतो ते बघून ठेवा. नवा करार होताना शहर लोकांचं मत विचारतं, आणि दुमजली अपार्टमेंटमधल्या भाडेकरूंना कंपोस्टचा डबा मिळतो की नाही असल्या गोष्टी तिथेच ठरतात. आपली नव्याने आलेली कितीतरी मुलं तशाच अपार्टमेंटमध्ये राहतात आणि तक्रार कुणाकडे करायची हे त्यांना माहीत नसतं.

तेव्हा, बैठक. एक तास पुरेल. भोजन समिती, खजिनदार आणि हॉल ठरवणारी व्यक्ती, एवढे तिघे तरी हवेत. येताना केटररचं कोटेशन आणि हॉलचा करार घेऊन या. कराराच्या मागच्या पानावर कचऱ्याबद्दल दोन ओळी असतात, त्या आपण कुणी वाचत नाही. मी ताटांचे चार-पाच नमुने आणि मान्य वस्तूंच्या याद्या घेऊन येते. कुठल्याही मंडळाने बोलवावं, ईस्टसाइडला (सिॲटलच्या पूर्वेकडच्या शहरांत) किंवा दक्षिणेकडे केंट-रेंटनपर्यंत कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर मला जमतं. ग्रुपवर निरोप टाकलात तरी पुरे.

कळावे, लोभ असावा,
ईस्टसाइडची एक आजीव सभासद